दारातला ताड

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहा" असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात रायगड असावा, निदान चवदार तळे तरी असावे. महाडात राहणाऱ्या बाईने इतिहास म्हटला की दुसरे काय लिहायचे? परंतु त्या दोन्ही विषयांवर जाणत्या मंडळींनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मी ज्या इतिहासाविषयी लिहिणार आहे तो माझ्या परसदारी उभा आहे. आमच्या आळीत पत्ता सांगताना "ताडवाल्या काकूंचे घर" असे म्हणतात, ते ज्या दोन झाडांमुळे, त्या ताडांची ही हकिकत आहे. ती सांगताना थोडे सरकारी कायदेकानू येतील, थोडे घरातले रडगाणेही येईल. भगिनींनी सांभाळून घ्यावे.

माझे माहेर अलिबागच्या बाजूचे. तिकडे ताड ही काही लावायची वस्तू नाही, तो असतोच. चैत्र-वैशाखात ताडगोळे, उकाड्यात ताडाच्या पानाचा पंखा, आणि भाद्रपदात धपकन पडणारी काळी पिकली फळे, एवढे आमच्या लहानपणात गृहीत धरलेले होते. १९७१ साली लग्न होऊन मी महाडास आले. इथे आंबा, फणस, काजू सारे होते, परंतु उंच उभा राहून हातांची बोटे पसरल्यासारखी पाने हलवणारा तो माझ्या ओळखीचा इसम आमच्या आळीत कुठे दिसेना. एस.टी. स्टँडवर उन्हाळ्यात बायका पाट्यांतून ताडगोळे विकायला बसत, तेवढीच भेट. १९७३ सालच्या भाद्रपदात भाऊ मला भेटायला आला, तेव्हा आईने गोणपाटात बांधून तीन पिकलेली ताडफळे पाठवली होती. केशरी गर आम्ही पिळून काढला. बंगाल्यात जन्माष्टमीच्या सुमारास ह्या गराचे वडे तळतात. मी त्याचे गूळ घालून घावन केले. ते घरात कुणाला फारसे आवडले नाहीत हे प्रामाणिकपणे नमूद करते. उरल्या बिया मी परसात नेल्या.

तिथे सासूबाई उभ्या होत्या.

"काय लावतेस?"

"ताड."

त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, ताडाखाली बसून दूध प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात. चांगल्या घराच्या दारात ते झाड नको."

ही म्हण मी लहानपणापासून ऐकली होती. परंतु सासूबाई ती म्हणीसारखी म्हणाल्या नव्हत्या. त्यांचे माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. त्यांचा थोरला भाऊ मुंबईस गिरणीत होता. १९५०-५५ च्या सुमारास तो दारूने गेला. मागे बायको आणि दोन मुले. त्या वेळी मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी होती, म्हणजे तो प्याला ती ताडी नव्हेच, चोरट्या हातभट्टीची दारू. हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. सासूबाईंना मात्र हातभट्टी कुठे दिसणार? त्यांना दिसायचे ते झाड. मनुष्याला राग काढायला काहीतरी उभे लागते.

मामंजी मध्ये पडले म्हणून बिया मातीत गेल्या. तेही त्यांनी झाडाची बाजू घेतली म्हणून नव्हे. "तीस फूट लांब लाव आणि विसरून जा, उगवणार नाही," असे ते म्हणाले.

खरोखरच काही उगवेना. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. माघात मी अधीर होऊन एक बी उकरले आणि माझी चूक मला कळली. ताडाचे बी इतर बियांसारखे जागच्या जागी फुटत नाही. त्यातून पांढरी, जाड नळी निघते आणि सरळ खाली जमिनीत शिरते, हातभर, कधी त्याहूनही खोल. झाडाचा जीव त्या नळीच्या टोकाशी असतो. तो आधी खाली जाऊन बसतो, मूळ धरतो आणि मगच कोंब वर पाठवतो. मी उकरायला गेले आणि ती नळी कोयत्याने तुटली. म्हणून ज्यांना ताड लावायचा असेल त्यांनी बी जिथे कायमचे राहायचे तिथेच टाकावे आणि पुन्हा तिकडे कोयता नेऊ नये. पिशवीत रोप करून मग हलवायचा खटाटोप बहुधा फुकट जातो. बाकीच्या बियांपैकी दोन पुढच्या पावसाळ्यात वर आल्या. पहिले पान पंख्यासारखे नसते, तलवारीच्या पात्यासारखे एकच असते. सासूबाईंनी ते पाहिले आणि "दर्भ उगवलाय वाटतं" एवढेच म्हणाल्या.

आता थोडा मागचा इतिहास सांगते.

ताड हा आपल्या देशात इतका जुना आहे की बलरामाच्या ध्वजावर तोच होता. म्हणून बलरामाला तालध्वज म्हणतात. (बलरामही मद्यप्रिय होता, तेव्हा सासूबाईंना हा दाखला देण्यात अर्थ नव्हता.) संस्कृतात पंख्याला तालवृंत म्हणतात, म्हणजे ताडाच्या देठाचा. बायकांच्या कानातल्या ताटंक नावाच्या दागिन्याचा संबंधही कानाच्या पाळीत गुंडाळून घालायच्या ताडपत्राशी जोडतात. सातव्या शतकात ह्यूएन त्संग हा चिनी यात्रेकरू आपल्या देशात हिंडला. महाराष्ट्रात येण्यापूर्वी तो कोंकणपूर नावाच्या राज्यात होता. हे आपले कोकण नव्हे, तुंगभद्रेच्या बाजूचे असावे असे अनेक विद्वान मानतात. तिथल्या नगराच्या उत्तरेस तीस ली घेराचे ताडांचे वन आहे, त्याची पाने लांब, रुंद आणि तकतकीत असून साऱ्या हिंदुस्थानात लिहायला तीच वापरतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. लिहिण्यासाठी खऱ्या ताडाइतकीच, किंबहुना अधिक, त्याच्या मोठ्या भावाची, श्रीताडाची पाने वापरीत. तो ताड जन्मात एकदाच फुलतो आणि मरतो. पण दोघांचे घराणे एकच, पंख्याच्या पानाचे.

आपल्या गंधारपाल्याच्या लेण्यांत मी पहिल्यांदा गेले तेव्हा हाच विचार मनात आला होता. तिथल्या भिंतीवरचा शिलालेख दोन हजार वर्षांच्या आसपासचा असून अजून वाचता येतो. पानावर कुणी काही लिहिले असेल तर ते आपल्या पावसाळ्यात किती टिकणार? कोकणच्या दमट हवेत ताडपत्राला बुरशी आणि वाळवी सोडत नाही. दक्षिणेत मात्र ती जपली गेली. तंजावरच्या सरस्वती महालात कागदाच्या पोथ्यांच्या जोडीला ताडपत्रांच्या पोथ्यांची रासच्या रास आहे. पोलादपूरकरांना हे नाव परके वाटू नये. ज्यांची समाधी पोलादपुरात आहे त्या कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' काव्याची हस्तलिखिते त्याच तंजावरात राहिली होती, आणि स. म. दिवेकरांनी ते काव्य १९२७ साली छापून प्रसिद्ध केले. परमानंदांच्या काळी आपल्याकडे कागद रुळला होता, तेव्हा त्यांनी ताडपत्रावर लिहिले असे मी म्हणत नाही. आपल्या गावचा कवी शेवटी ताडपत्रांच्या शेजारी जाऊन राहिला, ह्याची मला गंमत वाटते, इतकेच.

तेव्हा पानाची अशी मोठी परंपरा असताना ह्या झाडाची अब्रू गेली कशी? मला विचाराल तर ती अबकारीच्या वहीत गेली. ताडी पूर्वीही काढीत होते. कोकणातल्या भंडारी समाजाचा तो वडिलोपार्जित धंदा, आणि कर पूर्वीच्या राजवटीतही होता. परंतु १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला आणि झाड हीच महसुलाची बाब झाली. रस काढायला परवाना, झाडागणिक कर, झाडावर खूण. ज्याच्या मालकीच्या जमिनीत ताड उभा, त्यालाही सरकारला विचारल्यावाचून त्याच्या पोयीला सुरी लावता येईना. सरकारच्या दृष्टीने ताड म्हणजे उभे पिंप. त्याच्या पंख्यांवर, चटयांवर, झाडूंवर, ताडगोळ्यांवर कर नव्हता, म्हणून ह्या वस्तू त्या वहीत आल्याच नाहीत. आणि ह्या सगळ्या वस्तू बहुतेक बायकांच्या हातच्या होत्या. वही पुरुषांनी पुरुषांच्या पिण्याविषयी लिहिली. पुढे दारूबंदीचे लोक आले, त्यांनीही झाडाकडे त्याच वहीतून पाहिले. इंग्रजांनी तर आपला 'ताडी' शब्द उचलून 'टॉडी' केला. त्या झाडाची जगभर ओळख झाली ती अशी.

गांधीजींच्या लोकांना मात्र दुसरी बाजू दिसली होती, हे सांगितले पाहिजे. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. ताडी बंद करायची तर ताडी काढणाऱ्याने खायचे काय, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. उत्तर होते नीरा आणि ताडगूळ. पोयीतून रात्री गळणारा रस मुळात गोड पाणी असतो. ऊन वर चढू लागले की काही तासांत तो आंबतो आणि त्याची ताडी होते. मडक्याला आतून चुना फासला आणि पहाटे उतरवून लगेच कढईत आटवला तर त्याचा उत्तम गूळ होतो. म्हणजे एकाच झाडाच्या एकाच थेंबाचे अमृत करायचे की विष, हे फक्त चुन्यावर आणि घड्याळावर अवलंबून. गजानन नाईक ह्यांनी ह्या ताडगुळापायी आयुष्य वेचले, पुढे ते केंद्र सरकारचे ताडगूळ सल्लागार होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा झाला आणि १९५० पासून बंदी राज्यभर झाली. खादी-ग्रामोद्योग आयोगाच्या उद्योगांत ताडगूळ होता. तरीही घरोघर काही तो गेला नाही. उसाच्या गुळापुढे त्याचा भाव आणि पुरवठा टिकला नाही असे माझे मत आहे. बंदी पुढे हळूहळू सैल होत गेली. आजही राज्यात ताडी असो वा नीरा, झाडाचा रस काढायचा तर परवाना लागतो.

ही सगळी माहिती मी काही हौसेने गोळा केली नाही. ती मला गरजेपोटी करावी लागली.

ताड अत्यंत आळशी झाड आहे. पहिली आठ-दहा वर्षे तो जमिनीला धरून नुसती पाने काढतो, खोड दिसतच नाही. आमच्या मुली त्या पानांत लपंडाव खेळत. देठांना करवतीसारखे काळे दाते असतात, त्यांनी फ्रॉक फाटत आणि मला सासूबाईंची बोलणी खावी लागत. नंतर मात्र एकदा खोड धरले की तो थांबत नाही. दोन्ही झाडे माडीच्या वर गेली. १९९० साली उन्हाळ्यात पहिल्या झाडाला मोहर आला. जाड, लांब बोटांसारखे तुरे. मी शेजारणींना ताडगोळ्यांचे आमंत्रण देऊन बसले. मग एक म्हातारे गृहस्थ येऊन वर पाहून म्हणाले, "वहिनी, हा नर हाय."

ताडात नर आणि मादी निराळे असतात आणि बी लावताना ते कुणालाही सांगता येत नाही. सतरा वर्षे वाढवल्यावर कळते. आळीत ह्या गोष्टीवर जे विनोद झाले ते मंडळाच्या स्मरणिकेत देता येणार नाहीत.

त्या गृहस्थांना विनोद करायचा नव्हता, झाड हवे होते. नराच्या तुऱ्यांतूनही रस निघतो. "हंगामाला देतो," म्हणून त्यांनी एक आकडा सांगितला. त्या वर्षी थोरलीला नर्सिंगला घालायचे होते आणि यजमानांच्या पगारात ते बसत नव्हते. तो आकडा ऐकून मी रात्रभर जागी होते. मनाशी म्हटले, ताडी नको, नीरा तरी काढू. त्यासाठी मी एका कचेरीत गेले. तिथून दुसरीकडे पाठवले, तिसऱ्या फेरीला साहेब रजेवर. एका लेखनिकाने हसून विचारले, "बाई, घरी बसून गुत्ता काढणार काय?" मी परत आले. आता सरळ त्या गृहस्थांना हो म्हणावे, पुढचे ते पाहतील, असे ठरवून मी सासूबाईंना सांगायला गेले.

त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतले. उठल्या, आत गेल्या आणि हातातली एक पाटली काढून आणून तांदळाच्या सुपात ठेवली. "ताडीचे पैसे ह्या घरात नकोत. पोरीला ह्यावर शिकव." मी म्हटले, "आणि झाड?" मला वाटले आता त्या तोडा म्हणणार. त्या म्हणाल्या, "झाडानं काय केलंय?"

मी आजही हे वाक्य उलटसुलट करून पाहते. त्यांचे मन कधी बदलले मला कळले नाही, विचारण्याची छाती झाली नाही. पाटली परत घडवता आली नाही, हेही लिहून ठेवते. थोरली नर्स झाली.

तीन वर्षांनी, १९९३ साली, दुसरे झाड फुलले. ती मादी निघाली. जवळच नर असल्यामुळे तिला बी धरणारी फळेही येतात. फळात बहुधा तीन गोळे असतात. ते कोवळे असताना काढावे लागतात, महिनाभर उशीर झाला की गोळा दगड होतो. पहिला घड उतरवला तेव्हा सासूबाई पडवीत बसल्या होत्या. त्यांनी जन्मात ताडगोळा खाल्ला नव्हता. साल काढून मी हातावर ठेवला. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "शहाळ्यातली मलईच की. पण चिकट आहे." आणि दुसरा घेतला.

पाने वर्षाला डझनभर नवी येतात आणि तितकीच खाली वाळतात. कोवळे पान उमलत असतानाच काढून सावलीत वाळवायचे, पाट्यावरवंट्याखाली दाबून सपाट करायचे, कडा गोल कापून त्यांना जुन्या लुगड्याची पट्टी शिवायची, की पंखा झाला. भारनियमनाच्या वर्षांत आमच्या आळीत विजेच्या पंख्यांहून माझे पंखे अधिक चालले. ते मी कधी विकले नाहीत, लग्नात, बारशाला देत राहिले. त्यांचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

आपल्या पोलादपूरच्या सभासदांनी मला विचारले होते की, घाटाखालच्या थंडीत ताड तग धरील का? पोलादपूर गावात धरील. परंतु वरच्या वाड्यांत, जिथे महाबळेश्वरचा गारठा उतरतो, तिथे कोवळी रोपे पिवळी पडतात. वेण्णा तलावाकाठी कधी कधी दवबिंदू गोठतात, ती हवा त्याची नव्हे. त्यांनी आपल्या जंगलातला भेरली माड लावावा. त्याची पाने पंख्यासारखी नाहीत, माशाच्या शेपटीसारखी आहेत. तो आंबेनळीच्या बाजूला आपणहून उगवतो आणि लग्नाच्या मांडवात त्याच्या झावळ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. एवढेच की तो वरून खाली एकेक घोस फुलत येतो आणि सगळे फुलून झाले की मरतो. थंडीला न डरणारा, पंख्याच्या पानाचा देशी ताड खरोखर आहे, पण तो आपल्यापासून फार लांब, कुमाऊँत. पिठोरागडजवळच्या थाळकेदार डोंगरावर, सहा-सात हजार फुटांवर आणि त्याच्याही वर तो बर्फात उभा असतो. इंग्रज अधिकारी मॅडन ह्याने १८४० च्या दशकात त्याची नोंद केली, आणि बेकारी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९०५ साली त्याला 'टाकिल' हे नाव दिले. त्याच्या जातीचा चिनी भाऊ तर युरोपातल्या बागांत हिवाळे काढतो. आमचा वैशाख त्याला सोसणार नाही. रोपवाटिकेत "पंख्याचा पाम" म्हणून जे कुंडीत मिळते ते बहुधा चीन-जपानकडचे असते. शोभेला चांगले, पण त्याला ताड म्हणून पैसे देऊ नयेत. मी एकदा दिले आहेत.

२२ जुलै २०२१ ची रात्र महाडकरांना सांगायला नको. महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला, आणि तो सगळा सावित्रीने खाली आणला. त्याच दिवशी आपल्याच तालुक्यात तळिये येथे डोंगर खचला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपुरातही दरडींनी माणसे नेली. २००५ च्या जुलैतही आपण हे भोगले होते. आमच्या घरात पाणी जिन्याच्या नवव्या पायरीवर थांबले. माडीच्या खिडकीतून विजांच्या उजेडात मला ते दोन ताड दिसत होते, कमरेच्या वर पाणी, मध्ये कुणाची तरी पाण्याची टाकी अडकलेली. शेजारची जुनी फणसाची झाडे सकाळी नव्हती. ताड होते. त्यांच्या खोडावर चिखलाची रेघ अजून दिसते, माझ्या डोक्याच्या बरीच वर. नंतरचे दोन महिने साऱ्या गावाने मदतीत आलेल्या निळ्या प्लास्टिकखाली काढले. त्या प्लास्टिकला आपण काय म्हणतो? ताडपत्री. रांगेत उभी असताना माझ्यामागच्या तरुण मुलीने मला विचारले, "काकू, ह्याला ताडपत्री का म्हणतात?" मी तिला घरी नेऊन झाड दाखवले.

आता ह्या झाडांवर पुन्हा चर्चा चालू आहे. पुतण्याचे म्हणणे, जागा बिल्डरला द्यावी, आणि ताडावर वीज पडते. वीज पडते हे खरे. उंच झाड ती आपल्यावर घेते. म्हणूनच ओडिशा सरकारने विजेने होणारे मृत्यू टाळण्यासाठी लाखो ताड लावायचे ठरवले आहे. म्हणूनच मामंजींनी तीस फुटांवर लावायला सांगितले ते बरे झाले. तामिळनाडूत ताड हा राज्यवृक्ष आहे आणि २०२१ पासून तो तोडायला कलेक्टरची परवानगी लागते. पुतण्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, "काकू, हे तामिळनाडू नाही." तेही खरेच. माझ्या हयातीत झाडे राहतील एवढे त्याने कबूल केले आहे. माझे वय पाहता हा करार त्याला महाग पडणारा नाही.

आपल्या मंडळाने दारूच्या दुकानाविरुद्ध सह्यांची मोहीम काढली तेव्हा एका भगिनीने मला चारचौघांत विचारले होते की, दारात ताड ठेवून तुम्ही सही कशी करता? मी तेव्हा उत्तर दिले नाही, सही केली. आज हा लेख तेच उत्तर समजावे.

यंदाची फळे भाद्रपदात पडतील. ज्या भगिनींना बी हवे असेल त्यांनी पोते घेऊन यावे, पिशवी फाटते. खड्डा हातभर खोल आणि माती भुसभुशीत करून ठेवावी, घरापासून व विजेच्या तारांपासून लांब. एका घरी किमान तीन बिया लावाव्यात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही दिसणार नाही. उकरून पाहू नये.